तीनशे मीटरवरचं अस्वल : आपल्या अभिप्रायाला उत्तर

भाऊ, नमस्कार.

जुलैतल्या स्वालबार्ड (नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकमधली बेटं) सहलीबद्दल आपण लिहिलेलं मी दोनदा वाचलं. आपली तक्रार थोडक्यात अशी : इतके लाख मोजून ध्रुवीय अस्वल दिसलं ते ठिपक्याएवढं, वॉलरस (लांब सुळ्यांचे समुद्री प्राणी) बघायला किनाऱ्यावर उतरायचं होतं ते ऐनवेळी रद्द झालं, पत्रकात कबूल केलेलं मराठी जेवण मिळालं नाही, आणि काही विचारलं की ‘नियम आहे’ एवढंच उत्तर. ‘जळगावच्या माणसानं जळगावच्या माणसांना फसवलं’ हे शेवटचं वाक्य फार लागलं. मी त्या जहाजावर तुमच्यासोबतच होतो, म्हणून ऑफिसातल्या मुलाला न सांगता मीच लिहितोय.

आधी आमचं चुकलं ते. पत्रकाच्या पहिल्या पानावर अस्वलाचा चेहरा पानभर छापला होता. तो फोटो भल्यामोठ्या लेन्सचा होता, पण तसं आम्ही कुठं लिहिलं नाही. तो बघून कुणालाही वाटणार की अस्वल जहाजाच्या कठड्यापाशी येऊन उभं राहतं. 1 जानेवारी 2025 पासून स्वालबार्डमध्ये अस्वलापासून किमान 300 मीटर लांब राहावं लागतं, 1 मार्च ते 30 जून या काळात तर 500 मीटर. हे मला बुकिंग घेताना माहीत होतं. काही जणांना मी समोर बसवून सांगितलं, तुम्हाला सांगायचं राहून गेलं. ही चूक माझी आहे. ते पत्रक आता बंद केलंय. नव्या पत्रकात डेकवरून साध्या मोबाइलनं काढलेला फोटो टाकतोय, त्यात अस्वल जेवढं दिसतं तेवढंच दिसेल.

जेवणाचंही तसंच. ‘रोज एक वेळ मराठी जेवण’ असं आम्ही छापलं होतं. जहाजाच्या स्वयंपाकघरात बाहेरच्या माणसाला उभं राहू देत नाहीत, हे आधी विचारून घ्यायला हवं होतं. सोबत नेलेल्या चटण्या, ठेचा आणि दोन संध्याकाळी त्यांच्या आचाऱ्यानं केलेला वरण-भात म्हणजे कबूल केलेलं जेवण नव्हे. त्याचे माणशी 12,000 रुपये सगळ्या 18 जणांना परत करतोय. तुम्ही तक्रार केली म्हणून फक्त तुम्हाला, असं नाही.

पण अंतराच्या बाबतीत मी माफी मागणार नाही, भाऊ. तिथं माझं मत वेगळं आहे आणि ते मला मोकळेपणानं सांगायचंय.

त्या रात्री सव्वा वाजता घोषणा झाली तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. तिथं 20 एप्रिलच्या सुमारास वर आलेला सूर्य 23 ऑगस्टपर्यंत मावळतच नाही. तुम्ही डेकवर आलात, दुर्बिणीतून पाहिलंत, आणि थंडीमुळे थोड्या वेळानं खाली गेलात. तुमच्या आई मात्र थांबल्या. गाइडनं तिपाईवरची मोठी दुर्बीण त्यांच्या उंचीला आणून दिली. वाऱ्यानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्या पदरानं पुसत होत्या आणि पुन्हा डोळा लावत होत्या. अस्वल पांढरं नव्हतंच. बर्फापुढं ते जुन्या लोण्यासारखं पिवळसर दिसत होतं. बर्फातल्या एका भोकापाशी ते पोट टेकून पडलं होतं, नाक भोकाकडे, अजिबात हालचाल नाही. सील श्वास घ्यायला वर येतो, त्याची ते वाट बघत होतं. तब्बल चाळीस मिनिटं. मग ते उठलं, मान वर करून आमच्या दिशेनं हवा हुंगली, आणि परत तिथंच पडलं. तुमच्या आई मला म्हणाल्या, “दिखना भो, दिखना! कसा वाट दखी राहिना!” (दिसलं रे भाऊ, दिसलं! कशी वाट बघतंय!)

जहाज आणखी दोनशे मीटर पुढं नेलं असतं तर फोटो चांगला आला असता, आणि अस्वल उठून चालू लागलं असतं. सीलची चरबी हेच त्याचं मुख्य अन्न. ती मिळते बर्फावर, आणि उन्हाळ्यात बर्फ उत्तरेकडे सरकला की खायचे दिवसही सरतात. चाळीस मिनिटांची त्याची वाट आपल्या एका फोटोसाठी वाया घालवायची का? आपल्याकडं यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या बागेत बिबट्या शिरल्याची बातमी आली की काय होतं, हे तुम्हीही पाहिलंय. शे-दोनशे माणसं बांधावर, हातात मोबाइल, आणि बिचकलेलं जनावर कुणाच्या तरी अंगावर जातं. मला माझ्या गावची माणसं घेऊन तिकडं तेच करायला जायचं नाही.

आता वॉलरसचा किनारा. तुम्ही लिहिलंय, ‘गाइडला कंटाळा आला होता.’ तसं नव्हतं. माणसं उतरवण्याआधी गाइड रबरी बोटीतून पुढं जाऊन सगळा किनारा तपासतात, हातात रायफल आणि भडका उडवायचं पिस्तूल घेऊन. त्या सकाळी त्यांना वॉलरसच्या कळपापलीकडे दगडगोट्यांवर एक अस्वल झोपलेलं दिसलं. किनाऱ्यावर अस्वल असेल तर उतरायचं नाही, विषय संपला. 2018च्या जुलैत तिथल्याच उत्तरेकडच्या एका बेटावर एका जहाजाचे लोक उतरत असताना अस्वलानं जहाजाच्या पहारेकऱ्याला जखमी केलं होतं, आणि शेवटी त्या अस्वलाला गोळी घालावी लागली. 1973 पासून तिथं अस्वलाच्या शिकारीला बंदी आहे. ते माणसाच्या चुकीनं मरावं, याहून वाईट काही नाही. हे सगळं मी त्याच वेळी मराठीत नीट समजावायला हवं होतं, नुसतं ‘नियम आहे’ म्हणायला नको होतं. तेवढं तुमचं खरं.

बदल्यात आपण बोटीतून तिथल्याच मोनॅको नावाच्या हिमनदीपुढं दीड तास फिरलो. त्याचा तुमच्या अभिप्रायात उल्लेख नाही. घराएवढा कडा सुटून पाण्यात पडला, आवाज नंतर आला, आणि बोट लाटेवर हलली तेव्हा तुमच्या मुलीनं माझा हात घट्ट धरला होता.

उतरणं रद्द झालं त्याचे पैसे जहाजवाले परत देत नाहीत. हवामान, बर्फ आणि प्राणी यांवरून कार्यक्रम बदलण्याचा अधिकार कप्तानाला असतो, ते करारात असतं. हा मुद्दा आता मी बुकिंगच्या वेळी मराठीत वाचून दाखवतो आणि मगच सही घेतो.

जेवणाची रक्कम येत्या आठवड्यात खात्यावर जमा होईल. आणि एक : गाइडनं दुर्बिणीच्या काचेला मोबाइल लावून त्या भोकापाशी पडलेल्या अस्वलाचा फोटो काढला होता, तो त्यानं मला पाठवलाय. थोडा धूसर आहे. आईंसाठी मोठा करून, चौकट लावून ठेवलाय. तुम्हाला इकडं यायला जमत नसेल तर रविवारी मी घरी आणून देतो. त्यांनी त्या रात्री काय पाहिलं, ते त्यांच्याकडूनच ऐका.