खुलासा: इस्तंबूलचा सर्पस्तंभ तुर्कांनी उभारलेला नाही

‘ऑटोमन सुलतानाने उभारलेला दोन नागांचा खांब’ अशा मजकुरासह एक फोटो फिरतो आहे. त्यात दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

हा काशाचा स्तंभ ग्रीकांचा. इ.स.पू. 479 मध्ये ग्रीसमधल्या प्लाटीयाला पर्शियनांचा पराभव झाल्यावर लुटीच्या दशांशातून तो डेल्फीच्या देवस्थानात अपोलो देवाला अर्पण केला. नाग तीन आहेत. वेटोळी एकमेकांत इतकी घट्ट बसली आहेत की मोजताना फसगत होते. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसही ‘तीन डोक्यांचा साप’ असंच लिहितो.

खालच्या वेटोळ्यांवर पर्शियनांशी लढलेल्या 31 ग्रीक नगरांची नावं कोरली आहेत, सुरुवात स्पार्टापासून. त्याआधी सेनापती पॉसेनियसने स्वतःचीच स्तुती कोरून घेतली होती, ती स्पार्टनांनी खोडली. (फलकावर नाव हवंच, हा हट्ट जुनाच!)

स्तंभावर पूर्वी सोन्याची तिवई (तीन पायांची घडवंची) होती. ती तुर्कांनी पळवली असंही म्हणतात, तेही खोटं. ती इ.स.पू. चौथ्या शतकात फोकियनांनी, म्हणजे ग्रीकांनीच, युद्धखर्चासाठी काढून नेली. स्तंभ कॉन्स्टंटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, आणला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने. डोकी मात्र ऑटोमन काळात, 1700 च्या सुमारास तुटली. एकाचा वरचा जबडा इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.