कॉपर सोडेना, सर सोडेनात

पीएच.डी. करणाऱ्या मुलीला लग्नकार्यात "संपतंय कधी?" असं विचारतात, ते परवडलं. "करतेस काय गं नेमकं?" हा खरा छळ. परवा मामाला म्हटलं, "कॉपरला चिकटलेला रेणू किती घट्ट चिकटलाय, ते मोजते."

"मग ओढून बघायचा की!" मामा वरणभात कालवता कालवता म्हणाला.

मामाचं शास्त्र पक्कं आहे. फक्त आम्ही ओढत नाही, आपटतो.

असा धातूला चिकटलेला रेणू, म्हणजे लिगंड, हा पागडीचा भाडेकरू. किती घट्ट बसलाय हे त्याला विचारून कळत नाही, बाहेर काढायला निघालं की कळतं. माझ्या कॉपरकडे फिनॅन्थ्रोलिन नावाचे असे दोन भाडेकरू आहेत, दोघेही दोन-दोन नायट्रोजनांनी चौकट धरून बसलेले. द्रावण काही हजार व्होल्टवर सुईतून फवारायचं (याच इलेक्ट्रोस्प्रेसाठी जॉन फेन यांना 2002 साली नोबेल मिळालं), 423 वस्तुमानाचे आयन (विद्युतभार असलेले कण: कॉपर आणि दोन्ही भाडेकरू) निवडायचे आणि नायट्रोजन भरलेल्या कोठडीत भिरकावायचे. व्होल्टेज वाढवत जायचं. निम्मे फुटले की आकडा टिपायचा.

त्यातही कापाकापी आहेच. 20 व्होल्ट दिले तरी हलक्या नायट्रोजनशी टक्कर झाल्यावर बंध तोडायला हाती लागते जेमतेम सव्वा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा, 20 नाही.

बरं, एक भाडेकरू निघाला तर वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर 243 ची रेघ दिसावी ना? दिसते 261 ची. 18 जास्त, म्हणजे पाणी! पंप रात्रंदिवस घरघरतोय, आत निर्वात म्हणावं असं निर्वात, तरी कुठूनसं उरलेलं पाणी रिकाम्या जागेत पथारी पसरून मोकळं. ऑपरेटरकाका म्हणतात, "पाऊस बघतेस ना बाहेर?" ओलावा येतो तो नायट्रोजनच्या नळीतून, पण मुंबईत जुलै महिन्यात एखादी गोष्ट पावसावर ढकलली की पुढे कोणी विचारत नाही.

मध्येच 391 ला दणदणीत रेघ आली. सर खुर्चीवरून उठलेच. "नवीन कॉम्प्लेक्स?" कॉपरचे अणू 63 आणि 65 अशा दोन वस्तुमानांचे, म्हणून कॉपर असेल तिथे दोनाच्या अंतरावर रेघांची जोडी हवी, दुसरी रेघ पहिलीच्या साधारण निम्मी. इथे जोडी नव्हती. प्लास्टिक मऊ ठेवणारं थॅलेट होतं ते, कुठल्यातरी नळीतून पाझरलेलं. सर बसले.

मग रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम कुक्स यांची 1977 पासूनची युक्ती काढली. एकाच कॉपरवर फिनॅन्थ्रोलिन आणि बायपिरिडिन नावाचा दुसरा भाडेकरू बसवायचे, धक्का द्यायचा आणि कोण जास्त वेळा बाहेर पडतं ते बघायचं. बायपिरिडिनच पडतो. त्याच्या दोन कड्यांमध्ये सांधा आहे, एक नायट्रोजन सुटला की वळतो आणि जातो. फिनॅन्थ्रोलिन ताठ, त्याला वळताच येत नाही. फिनॅन्थ्रोलिन टिकलेल्या कॉपरची 243 ची रेघ उंच, बायपिरिडिन टिकलेल्याची 219 ची खुरटी, सोबत त्यांचे पाणी घेतलेले अवतार. ते सगळे बेरजेत धरले तरी निकाल तोच.

मी जिंकल्यासारखी प्रिंट घेऊन गेले. सरांनी चष्मा वर केला. "हे झालं निर्वातात. द्रावणात क्रम हाच राहील?"

राहीलच असं नाही. तिथे भोवती विद्रावकाची गर्दी असते; ती कोणाला सांभाळून घेईल, सांगता येत नाही.

"मग द्रावणातही मोज," सर म्हणाले. "क्रम जुळला तर एक पेपर. नाही जुळला तर दोन."