वर्तुळ काढलं म्हणजे बाउहाउस होत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आजच्या साइटींवर स्विस शैलीची, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या आखीव, नेटक्या छपाई-मांडणीची छाप आहे, असं मी म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं असं, की गोव्यात पर्वरीतला साइट बनवणारा मुलगा तयार टेम्प्लेट उचलतो, रंग बदलतो आणि साइट गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो. त्याने स्विस शैलीचं नावही ऐकलेलं नाही, मग त्याच्या कामात मला १९५० च्या दशकातलं झुरिक कसं दिसतं?

त्याने ऐकलेलं असायची गरजच नाही. मंगेशीच्या देवळाचा घुमट आणि कमानी पाहा, त्यांच्यावर चर्चच्या बांधणीची छाप आहे. आज गावात तसाच घुमट चढवणारा गवंडी युरोपचा इतिहास वाचून आलेला नसतो, तरी घुमटाचं मूळ बदलत नाही. बूटस्ट्रॅप या साइट बांधायच्या तयार सांगाड्यातल्या १२ कॉलमांमागे स्विस डिझायनर योझेफ म्युलर-ब्रोकमन आणि मंडळींनी छापील पानासाठी शिस्तीत बसवलेला ग्रिड, म्हणजे उभ्या-आडव्या रेषांची चौकट आहे. रोबोटो फॉन्ट घ्या नाहीतर इंटर, घराणं १९५७ च्या हेल्वेटिका या स्विस फॉन्टचंच. मायक्रोसॉफ्टने तर २०१० च्या विंडोज फोनसाठी स्विस शैलीचं ऋण उघड मान्य केलं होतं.

‘हे सगळं मोबाइलवर साइट पटकन उघडावी म्हणून’, हेही तुम्ही लिहिलंय. बटणांवरच्या सावल्या आणि चकाकी जाण्यात वेगाचा वाटा आहे, कबूल. पण प्रचंड मथळा, त्याखाली बारीक मजकूर, एका बाजूला मुद्दाम सोडलेली रिकामी जागा? असल्या गोष्टी वेग ठरवत नाही.

माझी तक्रार उलटीच आहे: शैलीची नावं फार स्वस्तात वाटली जातात. पणजीच्या फोंतेन्हासमधल्या एका होमस्टेची साइट ‘बाउहाउस लुक’ म्हणून मिरवते, बाउहाउस म्हणजे जर्मनीतली जुनी, गाजलेली कला-डिझाइनची शाळा. वर लाल वर्तुळ आणि पिवळा चौकोन. (तिथे शिकवणाऱ्या चित्रकार कँडिन्स्कीच्या हिशेबात वर्तुळ निळं, चौकोन लाल आणि त्रिकोण पिवळा, पण ते सोडा.) खाली सगळा मजकूर मधोमध, नाव वळणदार लग्नपत्रिकेच्या अक्षरात, आणि पार्श्वभूमीला अझुलेजु या पोर्तुगीज रंगीत फरशांची नक्षी. तीही धड नाही. चार फरशा जुळल्या की जी नक्षी पुरी होते, तिची एकच फरशी पानभर छापलीय, म्हणून प्रत्येक फूल पावच राहतं. आकार बाउहाउसचे असतील, पण पानाची मांडणी तशी अजिबात नाही. मी शैली ओळखतो ती मांडणीवरून.

आणि ‘ओळखून करायचं काय?’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर मराठी साइटींवरच सापडतं. स्विस पद्धतीचा ठळक, घट्ट ओळींचा मथळा रोमन अक्षरांना शोभतो. तीच लाइन-हाइट (अक्षराच्या आकाराच्या किती पट उंची एका ओळीला द्यायची ते), म्हणजे १.१ वगैरे, देवनागरीला लावली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो आणि रफार कुणाचा तेच कळत नाही. हा घट्टपणा कुठून आला ते ठाऊक असेल, तर तो बिनधास्त काढता येतो. मी मराठी मथळ्यांना १.४ च्या खाली जात नाही.