फुगा फट्ट कधी होणार?

चूक माझीच. अडीच वर्षांच्या पोरीला मी उत्साहाच्या भरात सांगून बसलो की चिऊ, आपण ना, खूप खूप मोठ्ठे फुगे बघायला जाणारे. आता मराठीत हॉट एअर बलूनला फुगा नाही तर काय म्हणणार? पण चिऊचा फुग्यांचा एकूण अनुभव दोन वाढदिवसांचा, आणि त्यातून तिने काढलेला निष्कर्ष पक्का आहे : फुगा येतो, थोडा वेळ मजा करतो, मग फट्ट होतो, मग आपण रडायचं. तिने लगेच विचारलं, "फट्ट कधी?" मी म्हटलं, नाही गं, हे फुगे फट्ट होत नाहीत. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं आपण निवडणुकीतल्या उमेदवाराकडे बघतो.

तर आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, चिऊ आणि सहा महिन्यांसाठी कराडहून आलेली माझी आई, अमेरिकेतल्या डेन्व्हरहून अल्बुकर्कीच्या बलून फिएस्टाला, म्हणजे बलूनच्या जत्रेला, निघालो. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नऊ दिवस असतो हा प्रकार. १९७२ साली एका मॉलच्या पार्किंगमध्ये १३ बलून जमले होते, तिथून वाढत वाढत आता पाचशेच्या वर येतात, आणि २००० साली तर हजाराच्या वर गेले होते. हे सगळं मी गाडीत आईला सांगत होतो आणि आई मागच्या सीटवर चिऊच्या तोंडात धपाट्याचे तुकडे कोंबत "हं, हं" करत होती.

आय-२५ हायवेने सरळ दक्षिणेला जायचं, साडेचारशे मैल, मॅप म्हणतो साडेसहा तास. मॅपवाल्याला पोरंबाळं नसावीत. आम्हाला दहा लागले. कारण चिऊचं पॉटी ट्रेनिंग चालू होतं, त्यामुळे डिकीत एक हिरवा प्लास्टिकचा बेडूक होता आणि त्या बेडकाशिवाय चिऊ कुठेही बसत नाही. कोलोरॅडो संपून न्यू मेक्सिको सुरू होतं त्या रॅटन खिंडीत, पावणेआठ हजार फुटांवर, भणाणत्या वाऱ्यात, आई शालीचा आडोसा धरून उभी, मी बेडूक धरून उभा (नाहीतर उडाला असता), आणि चिऊ बेडकावर बसून शांतपणे "ट्रक, मोठ्ठा ट्रक" मोजतेय. झालं काहीच नाही. पाच मैल पुढे गेल्यावर झालं.

शनिवारी पहाटे साडेतीनचा गजर. बलून सकाळीच उडवतात, कारण तेव्हा हवा थंड आणि शांत असते. आई म्हणाली, "काकडआरतीला सुद्धा एवढ्या लवकर कोण उठत नाही रे." तरी सगळ्यात आधी तयार तीच, कानटोपी, स्वेटर, वर शाल, साडीखाली माझे जुने स्पोर्ट शूज. चिऊला झोपेतच जॅकेटात घातलं. एका हाताला हातमोजा चढेपर्यंत दुसरा निघतो, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. मग पार्क अँड राइडच्या पिवळ्या स्कूलबसची रांग, मग बस, मग अंधारात हजारो माणसांबरोबर चालणं. पाच हजार फुटांवरचं वाळवंट, हाडं गोठवणारी थंडी, आणि खांद्यावरची पोरगी दर दोन मिनिटांनी कानात विचारतेय, "फुगा कुठंय?"

फुगा नव्हताच. म्हणजे होते, पण गुंडाळलेले, पिशव्यांत. तिथे झेंड्यांची पद्धत असते, हिरवा लागला की उडायचं, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे घरी जा. पिवळा लागला होता. वारा होता.

आईचा प्रश्न अगदी रास्त होता. "वाऱ्याशिवाय उडणार कसं, आणि वारा आहे म्हणून उडवत नाहीत?"

मी समजावलं की तो वर जातो गरम हवेने, वारा फक्त ढकलतो, आणि स्टिअरिंग नसतंच, खालीवर होणं एवढंच पायलटच्या हातात. या गावाची खासियत अशी की चांगल्या दिवशी खालचा वारा दक्षिणेकडे वाहतो आणि वरचा उत्तरेकडे, त्यामुळे बलून खालून जातो आणि वरून परत जिथून निघाला तिथेच जवळपास येतो. याला बॉक्स म्हणतात.

"म्हणजे एसटीसारखं. जायची वेगळी, यायची वेगळी."

आई, अगदी तसंच.

साडेसातला लाल झेंडा लागला. पण लोक एवढ्या लांबून आलेत म्हणून काही जणांनी नुसत्या टोपल्या उभ्या करून बर्नर पेटवून दाखवले, आणि हेच नडलं. तुम्ही लहानपणी रॉकेलचा स्टो पंप मारून पेटवलेला ऐकला असेल, तो भर्रर्र आवाज घ्या आणि लग्नाच्या आचाऱ्याची भट्टी त्याला जोडा, आणि ज्वाळा आठ-दहा फुटांची. चिऊ माझ्या मानेला अशी चिकटली की मला जमिनीकडे बघत चालावं लागलं. पलीकडे काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे कपडे घातलेली माणसं शिट्ट्या घेऊन फिरत होती. बलूनला उडायची परवानगी हेच देतात आणि यांना तिथे झेब्राच म्हणतात. म्हटलं लक्ष वळवावं. "चिऊ, ते बघ झेब्रा!" तिने एक डोळा उघडून बघितलं. "शेपूट नाही," असं म्हणून बंद केला.

त्या दिवशीचं यश एकच. खाण्याच्या स्टॉलांच्या रांगेत मिरच्या भाजल्याचा वास आला आणि आई जागच्या जागी थांबली. "अरे, ठेचा करतंय का कोणी इथं?" न्यू मेक्सिकोची हिरवी मिरची, भाजून, सोलून, बरिटोत, म्हणजे पोळीच्या गुंडाळीत, घालतात. आईने एक घास खाल्ला. "तिखट नाही विशेष. पण मिरची भाजायची अक्कल आहे लोकांना." अमेरिकेबद्दल तिने तीन महिन्यांत काढलेला हा पहिला चांगला उद्गार.

रविवारी परत साडेतीन. बायको म्हणाली, "मी कशाला उठू, तुझा फिएस्टा आहे," आणि उठली. यावेळी स्वतःची गाडी नेली, तर पार्किंग मिळालं मैदानापासून चांगलंच लांब. निघताना तिने विचारलं, "बेडूक घेऊ का?" मी म्हटलं, कशाला उगाच ओझं.

हे वाक्य मला आयुष्यभर ऐकवलं जाणार आहे.

हिरवा झेंडा लागला. सँडिया डोंगरामागे उजाडायला लागलं. आजूबाजूला शेकडो बलून गवतावर लोळत लोळत फुगायला लागले, आणि तिथे प्रेक्षकांना सरळ त्यांच्या मधोमध फिरू देतात, दोरखंड नाही, कठडा नाही, आपल्या डोक्याच्या वर पाच-सहा मजली कापड उभं राहतं. मला खरंच भरून आलं. त्या भरात मी चिऊला १७८३ सालची गोष्ट सांगायला घेतली, की व्हर्सायला राजासमोर पहिल्यांदा फुग्यातून मेंढी, बदक आणि कोंबडा असे तिघं पाठवले आणि तिघंही जिवंत खाली आले. आई म्हणाली, "बघ. लेकराला नाही बसवलं. शहाणी होती माणसं." (बसवणार नव्हतोच. माणशी काहीशे डॉलर घेतात आणि चिऊएवढ्यांना घेतच नाहीत.)

आणि नेमकं तेव्हा, पहिला बलून अमेरिकेचा मोठा झेंडा लटकवून वर निघालेला, राष्ट्रगीत सुरू, सगळे टोप्या काढून उभे, आणि चिऊ स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबा, शी."

राष्ट्रगीत चालू असताना पळावं की नाही याचा नियम मला माहीत नाही. मी पळालो. प्लास्टिकच्या संडासांची रांग, त्यापुढे माणसांची रांग, चिऊकडे बघून लोकांनी बिचाऱ्यांनी पुढे सोडलं. आत गेलो. चिऊने चौफेर बघितलं आणि विचारलं, "बेडूक?"

बेडूक गाडीत होता. मग मी काय काय केलं ते सांगत नाही, बेडकाचा आवाज काढला एवढं पुरे. बाहेर शिट्ट्या, टाळ्या, हजारो लोकांचं "ओऽऽह", शेकडो बर्नरचं भर्रर्र, म्हणजे ज्यासाठी साडेचारशे मैल आलो ते सगळं माझ्यापासून एका पत्र्याइतक्या प्लास्टिकपलीकडे चालू. छत तेवढं दुधी रंगाचं होतं. त्यावरून एक भलीमोठी गोल सावली हळूहळू सरकत गेली. मागोमाग दुसरी. चिऊ वर बघत कुजबुजली, "फुगा." आणि काम झालं.

बाहेर आलो तर आकाश भरलेलं, पण बरेचसे लांब गेलेले. बायकोने दोनशे फोटो काढले होते. एकातही आम्ही नव्हतो. हातात हात धरून उडणाऱ्या मधमाश्यांची प्रसिद्ध जोडी म्हणे अगदी डोक्यावरून गेली. चिऊला पायलट लोक वाटतात ती बलूनच्या फोटोची कार्डं मिळाली होती, त्यातलं एक तिने चघळून संपवलं. आणि दर बलूनकडे बोट दाखवून तेच : "फट्ट?" नाही. "तो फट्ट?" नाही गं. तिचा चेहरा पडत चालला. पाचशे फुगे आणि एकही फट्ट नाही, फसवणूकच की.

परत जाताना ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तर शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एक पिवळा-लाल बलून अलगद उतरला. त्यांची ट्रकवाली मंडळी मागोमाग धावत आली. चिऊ खिडकीला चिकटली. गाडी कडेला घेतली. बलून आडवा होऊन पसरला आणि त्यातला एक पांढऱ्या मिशांचा माणूस आम्हाला खुणावून म्हणाला, या, पोरीला आणा, हवा काढायला माणसं पाहिजेतच. कापडावर अंग टाकून, लोळून, दाबून हवा बाहेर काढायची असते.

चिऊ आधी एक पाऊल टाकून थांबली. मग दुसरं. मग जी उड्या मारायला लागली, प्रत्येक उडीला "फट्ट! फट्ट! फट्ट!", आणि हवा खरंच तिच्या पायाखालून फुस्स करून जात होती.

तोवर आईने पदर खोचलेला. त्या लोकांची कापड पिशवीत कोंबायची पद्धत तिला बघवेना. "अरे, वाकळ अशी घालतात का कोंबून? हं, तू ते टोक धर. तू नाही, तू." पांढऱ्या मिशांनी निमूटपणे ते टोक धरलं. भाषेची अडचण कुणालाच आली नाही.

रात्री हॉटेलवरून कराडला मावशीला व्हिडिओ कॉल. काय बघितलंस गं तिकडं, मावशीने विचारलं.

"काही नाही गं," आई म्हणाली, "मांडव काढायला मदत करून आले."