बीप वाजवायला रूट कशाला?

लिनक्सवाल्यांमध्ये ‘एका ओळीत सर्व्हरला बोलतं करा’ असा मेसेज फिरतोय. स्क्रिप्टच्या शेवटी एको या छापण्याच्या आज्ञेने बॅकस्लॅश-ए छापा, मशीनच्या आतला स्पीकर वाजतो. नाही वाजला तर स्पीकर गेलाय. आणि ‘बीप’ हा प्रोग्राम परवानगीवरून अडला तर त्याला सेटयूआयडी रूट (रूट म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेला यूजर) करून टाका. सोडून दिलं असतं, पण माझ्या धाकट्या भावाने बॅकअपच्या स्क्रिप्टसाठी हे सगळं ओळीने केलं आणि वर मलाच विचारलं, ‘ताई, मदरबोर्ड बदलू का?’

बॅकस्लॅश-ए म्हणजे आस्कीतलं 7 क्रमांकाचं अक्षर, घंटी. ते स्पीकरकडे नाही, टर्मिनलकडे, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीकडे, जातं. वाजवायचं, स्क्रीन चमकवायची की गप्प बसायचं, हे टर्मिनल ठरवतं. एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनमध्ये लांबून शिरून, चालवलंत तर वाजलाच तर तुमचा लॅपटॉप वाजेल. क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या सेवेला, तर टर्मिनलच नसतं. मशीनसमोर बसून लिनक्सच्या कन्सोलवर युक्ती चालते, हे मान्य. (एकोऐवजी प्रिंटएफ ही आज्ञा वापरा, डॅश नावाच्या शेलमधला एको त्याला दिलेला ‘-ई’ हा पर्यायसुद्धा छापून ठेवतो.)

स्पीकर गेलाय? आधी पीसीस्पीकर हे स्पीकर चालवणारं मॉड्यूल लोड आहे का बघा. उबुंटूत ते ब्लॅकलिस्टमध्येच (आपोआप लोड करायचं नाही अशा यादीत) असतं, आणि त्या फाइलीतली टीप म्हणते की हा आवाज कर्कश आहे, सगळ्यांच्या डोक्यात जातो. काही मशीनमध्ये स्पीकर मुळात नसतोच.

आता सेटयूआयडी. इथे मात्र माझं डोकं फिरलं. म्हणजे मशीनवरचा कुणीही बीप चालवेल आणि तो प्रोग्राम रूटच्या अधिकाराने चालेल. एका टुंग आवाजासाठी! सुरक्षेतल्या त्रुटींच्या यादीतली सीव्हीई-2018-0492 ही नोंद उघडून वाचा: बीप 1.3.4 पर्यंतच्या आवृत्त्या सेटयूआयडी असतील, तर नेमकी वेळ साधून साधा यूजर रूट होऊ शकत होता. त्या भोकावर ‘दुरुस्ती’ म्हणून फिरलेल्या एका पॅचमध्येही, पॅच लावताच चालणारी आज्ञा लपवलेली होती. बीपच्या नव्या आवृत्त्या सेटयूआयडी दिसला की चालायलाच नकार देतात. स्पीकरच्या डिव्हाइस फाइलवर एका ग्रुपला युडेव्हच्या (लिनक्समधली डिव्हाइस सांभाळणारी सेवा) नियमाने हक्क द्यायचा, एवढंच काम असतं.

भावाला तेवढंही लागलं नाही. त्याची स्क्रिप्ट रूटच्याच क्रॉनमधून चालते, म्हणून सेटयूआयडी काढलं, मॉड्यूल लोड केलं आणि प्रिंटएफची घंटी थेट टीटीवाय 1 कडे, म्हणजे मशीनच्या पहिल्या कन्सोलकडे, वळवली. वाजली. 750 हर्ट्झचा तो सूर आता त्याला कर्कश वाटतोय. त्यासाठी सूर बदलणारी सेटटर्म ही आज्ञा आहे, मदरबोर्ड नाही.