प्रोजेक्ट पोरांचा, ॲप मास्तरांच्या आवडीचं

आठवीच्या पोरांना प्रोजेक्ट द्या, खुशाल द्या. पण प्रत्येक विषयाला नवं ॲप कशासाठी? विज्ञानाच्या मॅडमना ॲनिमेशन हवं, इतिहासाच्या सरांना पोस्टर, मराठीच्या बाईंना डिजिटल गोष्टीचं पुस्तक. तिघांची तीन ॲप्स, तीन पासवर्ड. आणि आमच्या ऐरोलीच्या घरात फोन एकच, तोही दिवसभर माझ्यासोबत ठाण्याला ऑफिसात. रात्री मी दारात चप्पल काढते न काढते तोच लेक फोनवर झडप घालतो.

परवा त्याने शिवराज्याभिषेकाचं पोस्टर केलं. रायगड, 1674, सगळं व्यवस्थित. डाऊनलोड केलं तर राजमुद्रेवर आडवातिडवा वॉटरमार्क! तो घालवायचा तर ‘प्रो’ घ्या. सात दिवस फुकट, पण कार्ड नंबर आधी द्या. त्यात मराठीचे हाल वेगळेच. ‘भिषेक’मधली वेलांटी ‘भ’च्या उजवीकडे जाऊन बसलेली, जोडाक्षरांचे तुकडे पडलेले. सरांनी हे ॲप सुचवण्याआधी त्यात मराठीची एक ओळ तरी टाईप करून बघितली होती का?

सगळ्यात संताप आला तो वयावरून. अकाउंट उघडेना, तर पालकांच्या ग्रुपवर शाळेचं उत्तर काय, ‘जन्मसाल मागचं टाका.’ वा! 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 च्या आतलं प्रत्येक पोर लहान मूल धरलंय, त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी असं म्हटलंय. आणि इथे शाळाच खोटं वय टाकायला शिकवते. मूल्यशिक्षणाचा तास कुठल्या वारी असतो म्हणे?

बरं, फुकटातलं चांगलं काही मिळतच नाही असंही नाही. ॲनिमेशनला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं स्क्रॅच आहे, 2007 पासून फुकट, आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. स्लाईड्सना लिब्रेऑफिस आहे, पैसा लागत नाही, वॉटरमार्क येत नाही. दोन्ही शाळेच्या लॅबमध्ये टाका आणि पोरांना तिथेच बसवा. त्या लॅबची फी आम्ही दरवर्षी वेगळी भरतो, तरी तिला बघावं तेव्हा कुलूप.

एवढी उरस्फोड करून शेवटी सरांचा निरोप: ‘कलर प्रिंट काढून चार्टपेपरवर चिकटवून आणा.’ अहो, मग स्केचपेनने काय घोडं मारलं होतं?

शनिवारी पालकसभा आहे. तिथे मी हे सगळं तोंडावर बोलणार आहे. ग्रुपमध्ये नुसते अंगठे दाखवणाऱ्या पालकांनीही जरा तोंड उघडा.