नारळ फोडायला सगळे, अर्थिंगला कोणी नाही

आज परत तेच. नववीच्या फळ्यावर समीकरण अर्धं मांडून झालं होतं आणि दारात शिपाईमामा. "मॅडम, भाऊसाहेब बोलावतायत. नेट गेलंय."

खडू ठेवला आणि गेले. जावंच लागतं. यू-डायसची (सरकारच्या शाळा-नोंदणीची) माहिती, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पगारबिलं, मुलांची आधार पडताळणी, सगळं ऑनलाइन आणि सगळ्याला मुदत. मुलांचं आधार जुळलं नाही की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात, घोळ होतो आणि शिक्षकाच्या पदावर गदा येते. इतकं सगळं ज्या वायरीवर लटकलंय, ती वायर बघायला शाळेत एकही माणूस नेमलेला नाही. मी विज्ञान-गणिताची शिक्षिका. कधीतरी प्रिंटर चालू करून दिला, तेव्हापासून "मॅडम, तुम्हाला येतं ना, बघा जरा." आठवड्याचे तास तेवढेच. त्यातला एकही कमी केला नाही.

आज काय झालं होतं ते सांगते. ऑफिसातल्या स्विचमधून, म्हणजे नेटच्या सगळ्या वायरी जिथे जुळतात त्या डब्यातून, एक केबल लोंबत होती. बरी दिसत नाही म्हणून कुणीतरी तिचं मोकळं टोक उचलून त्याच स्विचमध्ये खोचलं. म्हणजे दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. आमच्यासारख्या साध्या स्विचला हे ओळखता येत नाही. आत आलेला संदेश त्या वळशात फिरत राहतो, त्याच्या आणखी प्रती निघतात, आणि बघता बघता सगळ्या शाळेचं नेटवर्क ठप्प. मी पोचले तेव्हा स्विचवरचे झाडून सगळे दिवे एकाच वेळी लुकलुकत होते. एकेक वायर काढून बघत त्या केबलपर्यंत यायला पाऊण तास लागला. "हात लावू नये" असा कागद मी स्वतः तिथे चिकटवलाय. त्याच कागदाच्या कोपऱ्यात कुणीतरी गॅसवाल्याचा नंबर लिहून ठेवलाय. नववीचा तास बुडाला तो बुडालाच. कुणी खोचली विचारलं तर सगळे गप्प.

संगणक कक्षाचं दुखणं आणखी जुनं. योजनेतून यंत्रं आली तेव्हा ठेकेदाराचा माणूस शिकवायला असायचा. करार संपला, माणूस गेला, यंत्रं आमच्या गळ्यात. मग एका गणपतीत गावच्या चाकरमान्यांनी मुंबईहून 10 कॉम्प्युटर आणून दिले. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनी जीव लावून दिले. राग आहे तो फीत कापून, फोटो काढून निघून गेलेल्यांवर. नारळ फुटल्यावर ही यंत्रं कुठल्या बोर्डावर लावायची, हे एकानेही विचारलं नाही. अजून त्यातल्या तीन यंत्रांवर विंडोज 7 आहे, ज्याचे सुरक्षेचे अपडेट 14 जानेवारी 2020 लाच बंद झाले. आता तर विंडोज 10 चीही मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. हे सभेत सांगितलं तर उत्तर काय, "चालू आहेत ना?"

शाळेपासून समुद्र हाकेच्या अंतरावर. खारी हवा लोखंडी गज खाते, तिथे कॉम्प्युटरच्या आतल्या रॅमच्या (मेमरीच्या) पट्टीची काय कथा? दर पावसाळ्यानंतर पेट्या उघडायच्या, पट्ट्या काढून खोडरबराने घासायच्या. आतला नाण्याएवढा सेल संपला की कॉम्प्युटरची तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि एकही साइट उघडत नाही, "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणते. लगेच बोंब, नेट गेलं! नेट गेलेलं नसतं. तो सेलसुद्धा मी माझ्या पैशाने आणलाय.

पण खरी आग होते ती विजेच्या बाबतीत. ऑफिस आणि कक्ष या दोन वेगळ्या इमारती. मधली वायर तांब्याची, उघड्यावरून गेलेली. मी दोनदा लेखी अर्ज दिला की दोन इमारतींमध्ये फायबर टाका, त्यातून उजेड जातो, विजेचा झटका जात नाही. आणि अर्थिंग नव्याने करा. आमच्याकडे खाली सगळा जांभा. सळई ठोकली की झालं, असं इथे चालत नाही. खोल खड्डा हवा, कोळसा-मीठ हवं, उन्हाळाभर त्यात पाणी ओतायला हवं. नाहीतर कातळ सुकतो आणि अर्थिंग नावालाच राहतं. दोन्ही मिळून 22,000 रुपयांचा अंदाज वायरमनकडून लिहून आणला. उत्तर मिळालं, "पुढच्या वर्षी बघू." त्याच महिन्यात प्रवेशद्वाराची कमान रंगवून देणगीदारांची नावं सोनेरी केली.

मग परतीच्या पावसात एका संध्याकाळी जवळच वीज कोसळली. स्विच गेला, 7 कॉम्प्युटरचे नेटवर्क पोर्ट गेले. दुसऱ्या दिवशी कक्षाचं दार उघडलं तर जळका वास. आणि मला विचारतात, "मॅडम, बंद करून गेला नव्हता का?" अहो, मेन स्विच बंदच होता! झटका केबलमधून आला, जी बदला म्हणून मी दोनदा सांगितलं होतं!

आठवीतली एक मुलगी आहे, पलीकडच्या वाडीतून चालत येते. घरी कॉम्प्युटर नाही. एका यंत्रावर चौघी बसतात, तिची पाळी आठवड्यातून एकदा येते. परवा तिने एका बोटाने शोधत शोधत आजीवर आठ ओळी लिहिल्या. सेव्ह करायच्या आत लाइट गेली. यूपीएसची बॅटरी मेलेली, तिचाही अर्ज पडून आहे. काळ्या स्क्रीनकडे बघत ती एवढंच म्हणाली, "बाई, परत लिहू?" तास संपला होता. मला तिच्याकडे बघवेना.

मला पुरस्कार नको, सत्कार नको. अर्थिंग करा. फायबर टाका. बॅटऱ्या आणा. आजूबाजूच्या तीन शाळांनी मिळून आठवड्यातून दोन दिवस एक माणूस ठेवा, नाहीतर माझे चार तास कमी करून हे काम मला लेखी द्या. तिसरा अर्ज आज टाकलाय आणि पोच घेतलीय.

नववीचं समीकरण अजून अर्धंच आहे. मामांना सांगून ठेवलंय, उद्या घंटा होईपर्यंत कुणाचंही नेट जाऊ दे, माझ्या वर्गाच्या दारात यायचं नाही.